फ्लॉपीतल्या ओव्या
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आठवणी बाकीचे सांगतीलच, मी थोडं कामाचं बोलते. आपल्या मराठीच्या बाईंनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या आणि वऱ्हाडी शब्द उतरवून घेतले होते. ते डीटीपी सेंटरवर टाइप झाले. पुढे वह्या वाळवीनं खाल्ल्या, उरल्या अकरा फ्लॉप्या. त्या बाईंनी माझ्याकडे दिल्या. ओव्या सांगणाऱ्या बहुतेक आज्या आता नाहीत.

साडेतीन इंची फ्लॉपीत 1.44 एमबी मावतं. आजच्या मोबाइलचा एक फोटोही सहसा त्यात बसत नाही, पण मजकुरासाठी ती मोठी कोठीच. आत प्लॅस्टिकची पातळ चकती, तिच्यावर चुंबकीय लेप. पावसाळ्याच्या ओलीनं चकतीला बुरशी धरते, आणि तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेड लेपच खरवडून काढतं. म्हणून आधी साफ करायची, मग पूर्ण डिस्कची प्रत काढायची आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर. विंडोजनं ‘फॉरमॅट करू का?’ विचारलं, तर नाही म्हणायचं!

नऊ फ्लॉप्या वाचल्या गेल्या. खरी पंचाईत पुढे होती. फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरं नि चिन्हांचा नुसता काला. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण डीटीपीत नंतरही कित्येक वर्षं ज्याचा त्याचा फॉन्ट. एकातला ‘क’ दुसऱ्यात भलताच. ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडला ती नंतर लागते. रफाराचं याच्या उलट. सी-डॅकच्या सॉफ्टवेअरमधल्या इस्की फाइली असत्या तर सोपं होतं, त्यात क्रम उच्चाराचा असतो. बाईंकडे एक छापील पान सापडलं. ते समोर ठेवून एकेका चिन्हाचा तक्ता केला. जोडाक्षरांनी फार छळलं. वऱ्हाडी शब्द तर संगणकाला चूकच वाटतात, म्हणून शेवटचं वाचन बाईंनी स्वतः केलं, चष्मा पुसत पुसत.

दोन फ्लॉप्या अजून अडल्यात. त्यांच्यासाठी चकतीवरचा कच्चा चुंबकीय सिग्नलच टिपणारं ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड वापरून बघणार आहे.

शाळेच्या वार्षिकांकाच्या, गॅदरिंगच्या नाटकांच्या फ्लॉप्या कुणाच्या कपाटात असतील तर घरी लावून पाहू नका. आणल्या असतील तर आजच द्या, जुना चालू ड्राइव्हही चालेल. जेवणानंतर मी नोंदणीच्या टेबलाजवळ थांबते.