संत मार्टिनचें कुळ



ज्युबिलीनिमित्त चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या चाळतांना आम्हांस एका दूरच्या नोंदीचें स्मरण झालें. १५७९ सालीं पेरू देशांतील लिमा नगरांत मार्टिनचा जन्म झाला. पिता स्पॅनिश सरदार. माता दास्यांतून मुक्त झालेली कृष्णवर्णी स्त्री. बालक मातेच्या वर्णावर गेलें, म्हणून पित्यानें त्यास प्रथम आपलें म्हटलें नाहीं. नोंदवहींत 'पिता अज्ञात' असें लिहिलें गेलें.

ना धड गोऱ्यांचा, ना धड काळ्यांचा असा तो वाढला. न्हाव्याचें व जखमा बांधण्याचें काम शिकून त्यानें डोमिनिकन मठाचें दार ठोठावलें. आफ्रिकी रक्ताच्या मनुष्यास तेथें व्रतें घेण्याची मनाई होती. तो चाकर म्हणून राहिला. १६०३ सालीं मठानें त्यास बंधु म्हणून स्वीकारिलें. १६३९ सालीं मरेपर्यंत त्यानें सर्व वर्णांच्या रोग्यांची सारखीच शुश्रूषा केली. १९६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्यास संतपद दिलें.

त्याच्या सहनशीलतेची स्तुति करणें सोपें आहे. परंतु दार लावून घेणारेहि ख्रिस्तीच होते, हें आपण विसरूं नये. दोन वंशांच्या मातापितरांच्या एका मुलास आम्हीं स्वतः एकदां विचारिलें, "तूं मूळचा कुठला?" तो म्हणाला, "फादर, इथलाच. तुम्हींच मला बाप्तिस्मा दिलात." नोंदवहींत त्याचें नांव आमच्याच अक्षरांत आहे. आमची मान खालीं गेली.

आपलें कुळ शोधीत फिरण्याचें ओझें लेंकरांवर नसावें. त्यांस जवळ बसवून घेणें हें आपलें कर्तव्य होय. प्रभु आपणां सर्वांस ती सुबुद्धि देवो.