एकच गाणं, चार खोल्यांत

सकाळी दिवाणखान्यात लावलेलं भक्तिसंगीत स्वयंपाकघरापर्यंत पोचावं म्हणून बहुतेक घरांत आवाज वाढवला जातो. मग दिवाणखान्यात बसलेल्याला बोलता येत नाही, आणि ओट्याशी उभं असणाऱ्याला शब्द काही कळत नाहीत. खरा उपाय वेगळा आहे. प्रत्येक खोलीला तिचा स्पीकर आणि तिचा ॲम्प्लिफायर द्यायचा. रेडिओ किंवा सीडी प्लेअर मात्र सगळ्यांत मिळून एकच. माळ्यावर पडून असलेले जुने ॲम्प्लिफायर या कामाला छान लागतात.

आता अनेकांना वाटतं, एकाच रेडिओची तार चार ॲम्प्लिफायरना नेली तर प्रत्येकाला पाव आवाज मिळेल. तसं होत नाही. वर्गात गुरुजी बोलतात ते चाळीस मुलांत वाटलं जाऊन कमी होत नाही, तसंच इथे आहे. लाइन आउटमधून येतो तो छोटासा सिग्नल; ॲम्प्लिफायर त्यातली वीज जवळजवळ घेतच नाही. थोडे आकडे सांगतो. ॲम्प्लिफायरच्या इनपुटचा अडथळा, म्हणजे इम्पीडन्स, बहुधा 10 हजार ते 50 हजार ओहम असतो. सिग्नल देणाऱ्या यंत्राचा असतो काहीशे ओहम. 47 हजार ओहमचे तीन ॲम्प्लिफायर एकत्र जोडले, तरी मिळून साडेपंधरा हजारांहून जास्त ओहम उरतात. 500 ओहमच्या प्लेअरवर त्याचा परिणाम तीन टक्क्यांच्या आसपास, कानाला कळणारसुद्धा नाही. म्हणून दोन-तीन ॲम्प्लिफायरना साधा वाय कनेक्टर पुरतो. त्याहून जास्त खोल्या असतील, किंवा तारा लांब जाणार असतील, तर डिस्ट्रिब्यूशन ॲम्प्लिफायर घ्यावा. तो प्रत्येक खोलीला स्वतंत्र आउटपुट देतो. आणखी एक अनुभव येतो: जोडलेल्यांपैकी एक ॲम्प बंद ठेवला की बाकीच्यांचा आवाज फाटतो. बंद यंत्राचं इनपुट कधी कधी सिग्नल दाबून धरतं. अशा वेळी तो ॲम्प चालू ठेवून त्याचा व्हॉल्यूम शून्यावर आणावा.

याच्या उलट मात्र करू नये. रेडिओ आणि सीडी प्लेअर या दोघांचे आउटपुट वाय कनेक्टरने एका इनपुटला जोडले, तर दोन्ही यंत्रं एकमेकांनाच वीज ढकलू लागतात. आवाज दबतो, चिरतो. तिथे सिलेक्टर स्विच हवा. स्वयंपाकघरात एकच स्पीकर असेल तर डावी आणि उजवी तार नुसती पिळून जोडणं हीसुद्धा तीच चूक. दोन्ही तारांत हजार ओहमच्या आसपासचा एकेक रेझिस्टर घालून मगच त्या एकत्र कराव्यात. आणि दोन ॲम्प्लिफायरचे स्पीकर आउटपुट एकमेकांना कधीही जोडू नयेत. त्यात ॲम्प्लिफायर जळतो.

मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते घुमघुमीबद्दल. एक ॲम्प जोडला तेव्हा सगळं ठीक होतं, दुसरा जोडला आणि स्पीकरमधून सतत 'हम्म' ऐकू येऊ लागलं. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची, आणि ही घुमघुम तिचीच. दोन ॲम्प वेगवेगळ्या खोल्यांतल्या प्लगवर असले की दोघांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक पडतो, आणि तो फरक ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाहू लागतो. यावर काही जण प्लगची मोठी पिन, अर्थिंगची, काढून टाकतात. कृपा करून हे करू नका. घुमघुम थांबेल, पण यंत्राच्या आत वायर सुटून पत्र्याला लागली तर तो झटका जीव घेऊ शकतो. त्याऐवजी सगळे ॲम्प्लिफायर एकाच कपाटात, एकाच बोर्डवर ठेवा. तेवढं करूनही आवाज राहिला, तर ऑडिओ केबलच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा. एकाच्या बदल्यात एक व्होल्टेज देणारा तो छोटा डबा अर्थिंगला हात न लावता घुमघुम तोडतो.

यंत्रं एकत्र ठेवण्याचा आणखी फायदा असा, की नाजूक सिग्नलच्या तारा हातभरच राहतात आणि लांबवर जातात त्या स्पीकरच्या तारा, ज्यांना घरातल्या विजेचा त्रास फारसा होत नाही. आठ ओहमच्या स्पीकरला पंधरा मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. त्यापुढे अडीचची घ्या. विजेच्या पाइपमधून मात्र ती नेऊ नका.

ब्लूटूथने हे सगळं सोपं होईल, असं अनेकांना वाटतं. एका खोलीपुरतं ते ठीक आहे. पण ब्लूटूथचा आवाज बरेचदा दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. एका खोलीत तार आणि शेजारच्या खोलीत ब्लूटूथ असेल, तर दारात उभं राहणाऱ्याला प्रत्येक ओळ दोनदा ऐकू येते. घरभर एकच गाणं हवं असेल तर माझं मत तारेच्याच बाजूने आहे.

तेव्हा घराचं काम काढणार असाल, तर प्लास्टर होण्याआधी वायरमनला सांगून प्रत्येक खोलीपासून त्या एका कपाटापर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्या. आज स्पीकर घ्यायचे नसले तरी चालेल. नंतर भिंत फोडण्यापेक्षा आत्ताचा हा खर्च फार कमी आहे.