जनुकातला बदल आणि संमतीचा प्रश्न



आनुवंशिकीवर बोलायचं तर मेंडेलच्या वाटाण्यांपासून सुरुवात करायची प्रथा आहे. पण हे अधिवेशन विदर्भात भरलेलं असताना मला सिकलसेल या रक्ताच्या आजारापासून सुरुवात करावीशी वाटते. गडचिरोलीतल्या माडिया-गोंडांपासून नंदुरबारच्या भिल्ल-पावरांपर्यंत, आणि नागपूरच्या वस्त्यांमध्येही, हा आजार पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे.

1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. काही वर्षांत व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमका फरकही शोधला: हिमोग्लोबिनच्या एका साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढ्यानेच ऑक्सिजन कमी पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडं ठणकून मूल रात्रभर विव्हळतं. कारण इतकं स्वच्छ कळूनही जनुकावरच्या उपचाराला मान्यता मिळायला 2023 साल उजाडलं. कॅसजेव्ही या जनुकोपचाराला नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने परवानगी दिली.

हा उपचार चुकीचं अक्षर दुरुस्त करत नाही. रुग्णाच्या मूळ पेशी काढून जनुक कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राच्या साहाय्याने त्यातला एक नियंत्रक निकामी करतात. त्यामुळे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं आणि विळ्याच्या आकाराला आळा बसतो. चाचणीत पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेल्या 31 रुग्णांपैकी 29 जणांना किमान वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. मात्र त्याआधी जुनी अस्थिमज्जा रिकामी करायला कडक केमोथेरपी घ्यावी लागते आणि तिच्यामुळे वंध्यत्व येण्याची भीती असते. अमेरिकेत उपचाराची किंमत 22 लाख डॉलर आहे. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माणसाला हा आकडा ऐकवणंही क्रूरपणाचं आहे.

तरीही या उपचाराच्या बाजूने मी निःसंकोच उभा आहे. ज्याचं शरीर, त्याच्यावर परिणाम. होकारही त्याचा आणि नकारही त्याचाच. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर तंत्र विकसित करून ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं आहे. मोठ्या प्रमाणावर लस बनवण्याचा या कंपनीचा अनुभव इथे कामी यावा आणि औषध सरकारी रुग्णालयातल्या खाटेपर्यंत पोहोचावं, असा आग्रह आपण सर्वांनी धरला पाहिजे.

भ्रूणाच्या जनुकात हात घालण्याला मात्र माझा विरोध आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये चिनी शास्त्रज्ञ हे जियानकुई यांनी एचआयव्हीपासून संरक्षणाच्या नावाखाली जुळ्या मुलींच्या भ्रूणांत बदल केल्याचं जाहीर केलं. वडिलांचा संसर्ग मुलांपर्यंत जाऊ न देण्याचे सुरक्षित मार्ग आधीच उपलब्ध होते. पुढच्या वर्षअखेरीस चीनच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. त्या मुलींना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना कुणीही विचारलेलं नव्हतं, विचारता येणारही नव्हतं.

कुणी म्हणेल, सिकलसेलचं जनुक कायमचंच काढून टाकलं तर काय बिघडलं? अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं, की या जनुकाची एकच प्रत असणाऱ्यांना हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. महाराष्ट्रातला बराचसा हिवताप आजही गडचिरोलीत आढळतो. एकाच घरात हे जनुक एका मुलाला छळतं आणि दुसऱ्याला वाचवतं. पुढच्या शंभर वर्षांसाठी त्याच्यावर निवाडा देण्याइतकं आपल्याला कळतं, असं मला वाटत नाही.

‘फक्त रोगासाठीच वापरू’ हे आश्वासन महाराष्ट्राने पूर्वी ऐकलेलं आहे. गर्भजल परीक्षा आली ती गर्भातले दोष ओळखण्यासाठी. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या दवाखान्यांत तिचा उपयोग मुलगी आहे का, हे पाहण्यासाठी होऊ लागला. स्त्री संघटना आणि काही डॉक्टर रस्त्यावर उतरले म्हणून 1988 मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा आपल्या राज्याने केला. केंद्राचा कायदा 1994 चा. तरीही दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात 1991 मध्ये 946 होती, ती 2001 मध्ये 913 वर आली. बाजार पुढे निघून गेला आणि कायदा त्याच्यामागे धावत राहिला. आज भ्रूणातल्या जनुकबदलाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई आहे. ती मनाई संसदेच्या कायद्यात आली पाहिजे, आणि मागणी असणारी गिऱ्हाइकं दारात उभी राहण्याआधी आली पाहिजे.

कायद्याबरोबर शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणाही लागतो. त्यासाठी मला मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आठवतात. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत, त्यांच्याच हाताखाली शिकत होत्या. वंशांची उतरंड कवट्यांच्या मोजमापावरून सिद्ध व्हावी, अशी मार्गदर्शकांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, वंशानुसार तसा फरक आढळला नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हातात होती त्यांच्याच विरोधात जाऊन! त्याच संस्थेतलं ‘शास्त्र’ पुढे नाझींच्या सक्तीच्या नसबंदीच्या कामी आलं. आपल्या प्रयोगशाळांमधल्या तरुणांना जनुक कापण्याच्या तंत्राबरोबर हे प्रकरणही शिकवायला हवं.

आता आपल्या हातातलं काम. आरोग्य केंद्रात तपासणी होते, ‘एएस पॅटर्न’ (वाहक) किंवा ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) लिहिलेलं कार्ड हातात पडतं आणि त्याचा अर्थ नीट न सांगितल्यामुळे मुलींच्या सोयरिकी मोडतात. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. आई-बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात आजारी मुलाची शक्यता चारांत एक असते. एवढी गोष्टही घराघरांत पोहोचलेली नसताना उद्या त्याच माणसापुढे जनुकोपचाराचं पानभर संमतिपत्र ठेवलं, तर त्याच्या अंगठ्याला संमती कसं म्हणायचं? म्हणून माझा प्रस्ताव असा: या अधिवेशनाने डॉक्टर, आशाताई, भाषा जाणणारे शिक्षक आणि स्वतः रुग्ण यांची एक समिती नेमावी. तिने मराठी, गोंडी, माडिया, भिली आणि पावरी या भाषांत समुपदेशनाचं आणि संमतीचं साहित्य तयार करावं. ते आधी गावात वाचून दाखवावं, लोकांना कळलं नाही तिथे पुन्हा लिहावं, आणि पुढच्या अधिवेशनात त्याचा मसुदा आपल्यापुढे ठेवावा. समितीसाठी नावं आज दुपारच्या सत्रातच सुचवावीत, अशी माझी विनंती आहे.