मी घेतली नव्हती

मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. घरात मनाई, धर्मात मनाई. कवींच्या बैठकीतही मी सोडावॉटरवालाच. तरी काही वर्षांपूर्वी मोझरीच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्यानं मला तोंडावर विचारलं, ‘काऊन भाऊ, घेतली हाय काय?’

ऑक्टोबरचे दिवस होते. गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव चालला होता आणि मोझरीतच मला कविता वाचायच्या होत्या. त्या दिवसांत आमच्या वऱ्हाडात सोयाबीनची मळणी चालते, धुऱ्याधुऱ्यावर गाजरगवत फुललेलं असतं आणि माझं नाक माझं राहत नाही. औषधाच्या दुकानातून सर्दीच्या छोट्या पिवळ्या गोळ्या आणल्या. रात्री एक, सकाळी एक, निघताना आणखी एक. दुकानदारानं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शिंका थांबल्या आणि मी स्कूटर काढली.

अमरावतीहून मोझरी पस्तीसेक किलोमीटर. नांदगाव पेठ मागं पडल्याचं आठवतं. पुढचा रस्ता आठवत नाही. झोप आली होती म्हणावं तर तसंही नव्हतं, उलट छान शांत वाटत होतं. पुढं एका गावची पालखी पायी चालली होती, भगव्या टोप्या, टाळ. मला ती दिसत होती. पण ब्रेक दाबायला हवा, हे पायाला उशिरा कळलं. एका माणसाच्या पिशवीला हँडल घासून स्कूटर कडेच्या मातीत गेली. तो हातभर अलीकडं असता, तर आज मी हे भाषण देत नसतो. म्हाताऱ्यानं मला उठवलं, जवळ येऊन तोंडाचा वास घेतला. ‘वास त नाही,’ तो म्हणाला, ‘पण डोये लाल दिसून रायले.’

ज्या महाराजांनी खंजिरी वाजवत गावोगाव दारूबंदी सांगितली, त्यांच्या दारात हा प्रश्न! मला राग आला. आता वाटतं, प्रश्न बरोबर होता, फक्त बाटली चुकली होती.

नंतर डॉक्टर मित्रानं समजावलं. शिंका आणणारं हिस्टामिन हेच रसायन मेंदूत आपल्याला जागं ठेवतं. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्या नाकापाशी थांबत नाहीत, मेंदूतही शिरतात. रात्रीच्या गोळीचा अंमल सकाळीही उरतो. फेक्सोफेनाडिनसारखी नवी औषधं मेंदूत फारशी जात नाहीत. सेटिरिझिन मधलं, काहींना त्यानंही गुंगी येते. जुन्या गोळीवर दारू घेतली, तर दोन्ही गुंग्या एकमेकींत मिसळतात.

अमेरिकेत आयोवा इथं 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग त्यानं सांगितला. रॅगवीड या गवताची, म्हणजे आपल्या गाजरगवताच्या चुलत भावंडाची, अ‍ॅलर्जी असलेल्या 40 जणांना गाडी चालवण्याच्या नकली यंत्रात बसवलं. कधी दारू, कधी डायफेनहायड्रामिन ही जुनी गोळी, कधी फेक्सोफेनाडिन, कधी नुसतीच पोकळ गोळी. दारू आपल्या कायद्यातल्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त. आपल्याकडे ती 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. तरी सगळ्यांत वाईट गाडी चालवली गेली ती जुन्या गोळीवर. आणि मला हलवून गेली ती पुढची गोष्ट: आपल्याला किती झोप येतेय, हे त्या लोकांनी सांगितलं, त्यावरून त्यांचं चालवणं किती बिघडलंय याचा नीट अंदाज येत नव्हता. पिणाऱ्याला निदान आपण प्यायलोय एवढं तरी ठाऊक असतं.

पोलिसांच्या फुंकायच्या यंत्राला ही गोळी कळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 185व्या कलमात दारूसोबत अंमली द्रव्याचाही उल्लेख आहे, पण सर्दीच्या गोळीसाठी कोण कुणाला अडवणार? वेष्टनावरची सूचना मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत. मी बी.ए. झालेला माणूस, मलाही ती चष्मा लावून वाचावी लागली.

गेल्या ऑक्टोबरला पुन्हा नाक बंद, पुन्हा मोझरीचं बोलावणं, आणि घरात तीच पिवळी गोळी. ती घेतली आणि स्कूटर घरी ठेवून एस.टी.त बसलो. कंडक्टरनं हलवून उठवलं तेव्हा गाडी तिवसा स्टँडवर उभी होती. ‘चाचा,’ तो म्हणाला, ‘मोझरी त मांगंच गेली.’