भिंत जाड असावी की पातळ?



घर बांधायला काढले की आपण गवंड्याला बजावतो, "भिंत चांगली जाड घाल, बाबा." यात गैर काहीच नाही. मराठवाड्यात वाडवडिलांनी दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती घातल्या, आत लाकडी खांब-तुळया उभ्या केल्या आणि वर मातीचे माळवद घातले. वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असली तरी आत गारवा, थंडीत ऊब. दगड शिवारातला, माती गावातली. अशा घराला अडाण्याचे घर कोण म्हणेल?

पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणपती बोळवून गावे नुकती निजली होती. चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली आणि लातूर व आजच्या धाराशिव जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसे गेली.

असे का झाले? त्या भिंतींत दगडांच्या दोन रांगा असत, एक आतून, एक बाहेरून. मध्ये माती आणि लहान दगड. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड बहुधा नसत. धक्का बसताच भिंत फाकली. माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीचे ओझे खाली आले. ज्या जाडीने ऊन अडवले, तिच्याखालीच माणसे गाडली गेली.

आता घराचा आराखडा काढणाऱ्याची अडचण पाहा. भूकंप म्हणतो, छप्पर हलके ठेव. ऊन म्हणते, जड ठेव. पत्रा हलका खरा, पण दुपारी तव्यासारखा तापतो. स्लॅब मजबूत, पण दिवसाचे ऊन रात्री आत सोडतो. घरे दूर दूर बांधली तर पळायला वाट मिळते. पण शेजार तुटतो. पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसवली तेव्हा हा प्रश्न घरोघर आला.

बरे, धोका किती हे तरी नक्की ठाऊक असते का? तेव्हाच्या भूकंप-नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशातून तो पट्टाच काढून टाकण्यात आला. नकाशा खोटा नव्हता. माणसाचे ज्ञान अपुरे होते.

मग करायचे काय? दोहोंपैकी एकाची बाजू घेऊन भागत नाही. दगडाची भिंत राहू द्या, पण आरपार दगड घाला. दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना कवटाळणारी काँक्रीटची पट्टी फिरवा. माळवदावरची जास्तीची माती उतरवा. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरपे आधार ठोका. भूकंपानंतर जुनी घरे बळकट करताना असेच उपाय सुचवले गेले. गारवा थोडा कमी होईल, खर्च थोडा वाढेल. पण घर उभे राहण्याची आशा पुष्कळ वाढेल. खात्री मात्र कुणीच देऊ नये. जो देईल, त्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत.

गुरुजी, एखाद्या दिवशी मुलांना गावातली एखादी पडकी भिंत लांबूनच दाखवा. तिच्यात आरपार दगड दिसतो का, ते त्यांनाच शोधू द्या. पुढे घर बांधताना ती मुले गवंड्याला नुसते "जाड घाल" म्हणणार नाहीत. "बांधून घाल" म्हणतील.