नदीकाठचे सभासद
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



मला पक्ष्यांविषयी चार शब्द बोलायला सांगितलंय. आपल्यापैकी बरेच जण भिगवणला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघून आलेत. देखणा पक्षी, वादच नाही. पण उजनीच्या पाण्यावर तो पाहुणा. त्याची वीण तिकडे कच्छच्या रणात. मी आज बोलणार आहे ते भीमेच्या खोऱ्यात घर करून पिल्लं वाढवणाऱ्यांविषयी. आपल्या भाषेत सांगायचं तर, कायम सभासदांविषयी.

माझं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. मार्च-एप्रिलमध्ये पाणी ओसरलं की पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडायचे. तिथे नदी सुरय अंडी घालायचा. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा. अंडी अशा रंगाची, की पाय पडेपर्यंत दिसू नयेत. टिटवीचंही तसंच, खडे-गोट्यांत चार अंडी. भर उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. आम्ही पोरं जवळ गेलो की डोक्यावर घिरट्या घालून सगळं शिवार जागं करायची. नदीच्या उभ्या दरडीत वेडा राघू आणि खंड्या बिळं खणायचे.

पाऊस सुरू झाला की पाळी सुगरणीची. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला खोपे लटकायचे. नाव सुगरण, पण विणतो नर. अर्धा खोपा झाला की मादी येऊन तपासते. पसंत पडला तरच पुढचं बांधकाम! डॉ. सालिम अली यांनी अलिबागजवळ किहीमला याच पक्ष्याचा अभ्यास करून १९३० साली लेख लिहिला.

आता एक गोष्ट सांगतो, आजवर कुणाला सांगितली नाही. आपल्या इमारतीचं काम चालू होतं तेव्हा मालाची नोंदवही माझ्याकडे होती. वाळू भीमेची. ट्रक आला की मी ब्रास मोजून घ्यायचो, मूठभर वाळू हातात घेऊन "माल चांगला आहे" म्हणायचो. त्याच उन्हाळ्यात गावी गेलो, तर आमच्या पट्ट्याच्या जागी पुरुषभर खड्डे. टिटवी ओरडत होती. सुरय एकही दिसला नाही.

आपली वाळू नेमकी तिथलीच होती असं मी म्हणत नाही. पण कुठल्या तरी पट्ट्यावरची होतीच ना? दोष कुणाला देत नाही. घर आपल्यालाही हवंच होतं. पण २५ वर्षं या भिंतींत सुखाने राहिलो, तेव्हा एवढं बोलणं लागतो.

आता बाहेरच्या प्लास्टरचं मोठं काम निघणार आहे. माझी सूचना अशी, की त्यात नदीची वाळू नको, क्रश सँड वापरावी, आणि तसा ठराव सर्वसाधारण सभेत व्हावा. सूचक मी आहे, अनुमोदक तुमच्यातून हवा.

आणि मुलांनो, उन्हाळ्यात गावी गेलात, नदीत उतरलात आणि टिटवी डोक्यावर ओरडायला लागली, तर समजा, आपण तिच्या दारात उभे आहोत. खाली बघत, जपून मागे फिरा.