सिनेमाला करसवलत : पेरले किती, उगवले किती?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीत काही तरुण कार्यकर्त्यांनी एक सूचना मांडली होती. सिनेमाच्या चित्रीकरणाला सरकारे अनुदान देतात, खर्चाचा काही भाग परत करतात, असे पेपरात येते. मग आपल्या कोरडवाहू जिल्ह्यासाठीही तशी मागणी का करू नये? शूटिंग आले तर लॉज भरतील, जीप-टेम्पोला भाडे मिळेल, पोरांना चार दिवस काम मिळेल. सूचना मांडणाऱ्यांची तळमळ खरी आहे. कापूस आणि ज्वारी यांवर संसार भागत नाही, म्हणूनच ती आली. त्या ठरावावर आज मत घ्यायचे आहे. मत देण्याआधी हिशेब मांडावा, असे आम्हाला वाटले.

पहिला प्रश्न असा, की हा पैसा कोणाचा? शेतकरी कर भरत नाही, असे शहरात बसून सांगणारे पुष्कळ आहेत. कीटकनाशकाच्या बाटलीवर १८ टक्के जीएसटी कोण भरतो? खताच्या पोत्यावर ५ टक्के कोण भरतो? डिझेलवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट कोण भरतो? कारखानदाराने खरेदीवर भरलेला जीएसटी त्याला पुढच्या विक्रीत वळता करून मिळतो. आपल्याला तो मिळत नाही. तेव्हा सवलतीचा निम्मा-पाव पैसा आपल्याही खिशातला आहे, आणि त्याचा हिशेब मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

दुसरा प्रश्न हिशेबाच्या पद्धतीचा. आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा खताच्या प्रयोगात एक पट्टा बिनखताचा ठेवायला शिकवत. खत घातलेल्या पट्ट्यात एकरी सहा क्विंटल ज्वारी आली, म्हणून सहाही क्विंटल खतामुळे आली असे होत नाही. बिनखताच्या पट्ट्यात चार आली असतील, तर खताचे श्रेय दोन क्विंटलचे. त्यातून खताची किंमत वजा करायची, मग उरेल तो नफा. सिनेमाच्या सवलतीचे गोडवे गाणारे सहाच्या सहा क्विंटल सवलतीच्या नावावर मांडतात, आणि खताची किंमत वजा करायला विसरतात.

हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला तो अमेरिकेतल्या राज्यांत. त्यातले जॉर्जिया राज्य आपण घेऊ, कारण ते आपल्यासारखे कापसाचे राज्य आहे. अमेरिकेत टेक्ससनंतर कापसात त्याचेच नाव येते. (तिथल्या कापूसवाल्याला केंद्र सरकार पैसे देते आणि त्याचा फटका आपल्या भावाला बसतो, हे आपण विसरलेलो नाही. आजचा विषय वेगळा आहे.) कापूस पिकतो राज्याच्या दक्षिण भागात, आणि स्टुडिओ उभे राहिले ते उत्तरेकडे, अटलांटा शहराच्या आसपास.

जॉर्जियाने २००८ साली आपली सवलत वाढवली. राज्यात केलेल्या खर्चाच्या २० टक्के करसवलत, आणि चित्रपटात राज्याचे पीच फळाचे बोधचिन्ह दाखवले की आणखी १० टक्के. एकूण ३० टक्के, आणि वर्षाला किती द्यायचे याला वरची मर्यादा नाही. कंपन्या आल्या का? आल्या. मोठमोठे चित्रपट तिथे झाले, हजारो लोकांना काम मिळाले. हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न किमतीचा आहे.

आता बांधावर बसून करता येईल असा हिशेब करू. कंपनीने १०० खर्च केले, राज्याने ३० सोडले. त्या राज्याचा उत्पन्नावरील कर पाच टक्क्यांच्या आसपास, आणि विक्रीवरचा राज्याचा कर ४ टक्के. शंभरच्या शंभर स्थानिक लोकांची मजुरी झाली आणि ती सगळी तिथल्याच दुकानांत खर्च झाली असे धरले, तरी तिजोरीत दहासुद्धा येत नाहीत. सोडलेले तीस वसूल व्हायचे तर तोच पैसा राज्याच्या हद्दीत तीनदा-चारदा फिरला पाहिजे. पण खर्चात मोठ्या नटांचा आणि दिग्दर्शकांचा मेहनतानाही धरला जातो, आणि तो विमानात बसून कॅलिफोर्नियाला जातो. घागरीला भोक असले की विहीर कितीही भरलेली असो, घरी पाणी पोचत नाही.

राज्याचे अधिकारी मात्र सांगत होते की प्रत्येक डॉलर साडेतीन पटींहून जास्त फिरतो. २०२० साली राज्याच्याच लेखापरीक्षकांनी दाखवून दिले की फायद्याचे हे आकडे फुगवलेले आहेत, आणि पात्र नसलेल्यांनाही सवलत गेली आहे. पुढे २०२३ च्या डिसेंबरात लेखापरीक्षण विभागाने प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात स्पष्ट आकडा आला. सवलतीच्या एका डॉलरमागे राज्याच्या तिजोरीत १९ सेंट परत येतात. म्हणजे रुपयाचे एकोणीस पैसे. एका रोजगारामागे करदात्याला सुमारे १ लाख ६० हजार डॉलर पडतात. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या महसूल खात्याने आपल्या सवलतीचा हिशेब केला, त्यातही परतावा रुपयाला वीस पैशांच्या आतच निघाला.

आणखी एक गंमत ऐका. बाहेरून आलेल्या कंपनीला त्या राज्यात फारसा कर भरायचाच नसतो. मग ही सवलत तिच्या काय कामाची? ती सवलत विकते. राज्यातला एखादा मोठा करदाता ती दर्शनी किमतीपेक्षा कमी पैशात विकत घेतो आणि आपला कर भागवतो. मधला फरक त्याच्या खिशात. त्याने ना कॅमेरा पाहिला, ना पडदा. बाजारात पट्टीवर कापूस विकल्यावर मधल्यामधे काय गळते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मिशिगन राज्याची कथा तर डोळे उघडणारी आहे. मोटारीचे कारखाने बंद पडत होते, लोक बेकार होते. आपल्यासारखीच नड. २००८ साली त्या राज्याने ४० ते ४२ टक्क्यांपर्यंत सवलत दिली. पॉन्टियाक गावात जुन्या मोटार कंपनीच्या जागेवर स्टुडिओ उभा राहिला. त्याच्या सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना हमी कोणाची? सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडाची. २०१२ मध्ये स्टुडिओने हप्ता थकवला आणि तो पेन्शन फंडातून भरावा लागला. २०१५ साली राज्याने सवलतीची योजनाच बंद केली. सवलत थांबली तशी कंपन्यांची वाटही वळली. विहिरीला झरा नसेल तर टँकर बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कोरडी पडते.

हा लिलाव कुठे थांबतो? थांबत नाही. एकाने बोली वाढवली की दुसऱ्याला वाढवावी लागते. ज्या कॅलिफोर्नियात हॉलिवूड आहे, त्याच राज्याने आपले लोक पळून जाऊ नयेत म्हणून २०२५ साली वर्षाची मर्यादा ७५ कोटी डॉलरपर्यंत नेली. टेक्ससने त्याच वर्षी दहा वर्षांसाठी दीड अब्ज डॉलर ठेवले. देशातले सिनेमे त्यामुळे फारसे वाढत नाहीत, ते नुसते जागा बदलतात. लिलाव करणारे करदाते, आणि माल घेऊन जाणारी कंपनी.

मग अशा योजना टिकतात कशा? कारण मिळणारे मूठभर आणि संघटित आहेत, देणारे लाखो आणि विखुरलेले आहेत. मिळणाऱ्याला कोटींचा लाभ होतो, म्हणून तो राजधानीत ठाण मांडून बसतो. देणाऱ्याच्या वाट्याला चार पैशांचा तोटा येतो, म्हणून तो गप्प राहतो. त्यात नटाबरोबर फोटो निघतो. हरभऱ्याच्या शेंगेबरोबर कोणता मंत्री फोटो काढतो?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुतार, वायरमन, शिंपी यांना वर्षानुवर्षे काम मिळून त्यांचा कसब असलेला वर्ग तयार झाला, तर ती त्या भागाची कमाई असते. मराठी चित्रपटाला महाराष्ट्र सरकार दर्जा ठरवून अनुदान देते, त्यामागे भाषा टिकवण्याचा हेतू आहे. तो हेतू पटत असेल तर तसे उघड सांगून पैसे द्यावेत. ग्रंथालयाकडून आपण नफा मागत नाही. पण रोजगार आणि महसूल यांच्या नावाने पैसे मागणाऱ्याने रोजगाराचा आणि महसुलाचा हिशेब दिलाच पाहिजे.

हे लोण आपल्याकडे आले आहे. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश चित्रीकरणाला अनुदान देतात. केंद्र सरकारने परदेशी चित्रपटांसाठी २०२२ मध्ये खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत परतावा जाहीर केला, आणि २०२३ मध्ये तो ४० टक्के, कमाल ३० कोटी रुपये केला.

म्हणून आमची विनंती अशी, की मागच्या बैठकीतली मागणी ठरावात घेऊ नये. एकाच्या सवलतीला विरोध करायचा आणि आपल्या दारात आली की हात पसरायचा, हे आपल्याला शोभणार नाही. त्याऐवजी ठराव असा करावा. सिनेमा असो वा कारखाना, कोणालाही करसवलत द्यायची तर वर्षाची मर्यादा ठरवा. संपण्याची तारीख आधीच लिहा. कोणाला किती दिले ती यादी छापा. आणि बिनखताचा पट्टा ठेवून स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून हिशेब करून घ्या.

ज्यांना आपल्या माळरानावर शूटिंग करायचे आहे त्यांनी खुशाल यावे. परवानगी एका खिडकीवर, एका दिवसात द्या. रस्ता नीट करा, वीज द्या. तो रस्ता आणि ती वीज शूटिंग संपल्यावरही आपल्या कापसाच्या गाडीला आणि मोटारपंपाला उपयोगी पडेल. त्यांनी जेवणाचे, जागेचे, मजुरीचे रोख दाम मोजावेत. आपण पाहुणचारही करू. पण पाहुण्याच्या जेवणाचे बिल पाहुण्यानेच द्यायचे, एवढेच आपले म्हणणे आहे.

आता ठरावावर मत घेऊ या.